मायटर सॉ कोणती घ्यावी? आधी चौकटीचं लाकूड मोजा

वरोरा तालुक्यातल्या एका तरुण वाढईनं विचारलंय. वडिलांसोबत दारं, खिडक्या, चौकटी, दिवाण असं काम करतो. पहिली मायटर सॉ, म्हणजे लाकूड ठरलेल्या कोनात तोडायची विजेची करवत, घ्यायची आहे. ब्लेडच्या व्यासानं दहा इंची साधी घ्यावी, की बारा इंची स्लायडिंग, म्हणजे डोकं पुढं-मागं सरकणारी? मधूनमधून अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचंही काम येतं. गावात लाईनचा भरवसा नाही. पैसे एकदाच जमलेत, चूक परवडणार नाही, असंही त्यानं लिहिलंय.

भाऊ, दुकानात जायच्या आधी टेप घ्या आणि गेल्या सहा महिन्यांत तुम्ही आडवं कापलेलं सगळ्यात रुंद लाकूड कोणतं, ते आठवून लिहून काढा. दुसऱ्या ओळीत लिहा, पंचेचाळीसच्या कोनात कापलेलं सगळ्यात रुंद लाकूड कोणतं. तिसऱ्या ओळीत, मशीन एका जागी राहणार की मोटरसायकलवर बांधून गावोगाव जाणार. या तीन ओळींतून तुमची अर्धी निवड आपोआप होते. मी वीसेक वर्षं मूल गावाच्या बाजूला हेच काम करतोय. दुकानदारानं दाखवलेली मशीन घेऊन पस्तावलेले वाढई मी खूप पाहिले, आणि एकदा मी स्वतःही पस्तावलोय. ते पुढं सांगतो.

एक गोष्ट आधी साफ करू, कारण पहिल्यांदा घेणारे इथंच फसतात. मायटर सॉ आडवा कट मारते. लाकडाची लांबी तोडायची, टोक गुण्यात, म्हणजे काटकोनात आणायचं, टोकाला कोन द्यायचा, एवढंच तिचं काम. फळी उभी चिरायची असेल, प्लायची शीट फाडायची असेल, तर टेबल सॉ किंवा हातातली सर्क्युलर सॉ लागते. स्लायडिंग घेतली म्हणजे प्लायचंही काम होईल, असं समजून पैसे घालू नका. आठ बाय चारच्या शीटपुढं ती तशीही अपुरीच आहे.

आता मापाचं बघू. तुमचं रोजचं लाकूड म्हणजे चौकटीचं, पाच बाय अडीच किंवा चार बाय अडीच. दहा इंची साध्या मशीनमध्ये, म्हणजे जिचं डोकं फक्त खाली-वर होतं, सरकत नाही अशा मशीनमध्ये, काटकोनात साधारण 130 मिमी रुंदीचं लाकूड कापतं. म्हणजे पाच इंचाला पुरून सूतभर, इंचाचा आठवा भाग, उरतं. पाच बाय अडीच आडवं टाकलं की रुंदी 127 आणि उंची 63 मिमी होते. बहुतेक दहा इंची मशीनमध्ये हे बसतं, पण काठोकाठ. म्हणून कॅटलॉगमध्ये रुंदी आणि उंचीचा आकडा एकाच जोडीतला आहे का ते बघा. काही कंपन्या जास्तीत जास्त उंची वेगळी आणि जास्तीत जास्त रुंदी वेगळी छापतात. 95 मिमी उंच कापेल असं लिहिलेलं असतं, पण ते अरुंद लाकडाला. 130 रुंदीला तीच मशीन 70 पर्यंतच जाते. ब्लेड गोल असल्यामुळं रुंदी वाढली की उंची घटणारच.

पंचेचाळीसला वळवलं की रुंदी आणखी आखडते. सोपा हिशोब म्हणजे काटकोनातल्या रुंदीला 1.4 नं भागायचं. 130 ला भागलं की 92 मिमी येतात, म्हणजे साडेतीन इंचाच्या जरा वर. बीडिंग पट्टी, काचेची पट्टी, फोटो फ्रेम, दाराच्या बाजूचं मोल्डिंग हे सगळं त्यात होतं. पाच इंची आर्किट्रेव्ह, म्हणजे चौकटीभोवतीची रुंद पट्टी, पंचेचाळीसला मारायचं असेल तर दहा इंची साधी मशीन हात टेकते. बारा इंची साधी काटकोनात जवळपास 200 मिमी, म्हणजे आठ इंच घेते आणि पंचेचाळीसला साडेपाच इंच. दहा इंची स्लायडिंग काटकोनात फूटभर रुंद फळी कापते, पंचेचाळीसला साडेआठच्या आसपास. म्हणजे बघा, रुंदीत दहा इंची स्लायडिंग ही बारा इंची साधीच्या पुढं जाते. बारा इंच म्हणजे मोठी, म्हणून ती भारी, हा हिशोब इथं चालत नाही. बारा इंची ब्लेडचा खरा फायदा उंचीत आहे. चार बाय चारचा खांब एका फटक्यात तुटतो, दहा इंचीला तो बहुधा उलटून दोनदा कापावा लागतो. तुमच्या कामात असे खांब किती येतात? कवेलूच्या घराचे आडे-फाटे आता कमीच झालेत, आणि आले तरी करवतीनं किंवा दोन कटांत भागतं.

साडेआठ इंची, म्हणजे 216 मिमी ब्लेडच्या स्लायडिंग मशीनही मिळतात. हलक्या असतात, रुंदीही चांगली घेतात, काही तर 300 मिमीच्या पुढं जातात. पण उंची 60-70 मिमीच. प्लाय, एमडीएफ, मॉड्युलर किचनवाल्यांसाठी ती फार छान मशीन. चौकटवाल्यासाठी नाही.

आता स्लायडिंगबद्दल माझं मत. स्लायडिंग वाईट नाही, पण हलकी स्लायडिंग वाईटच. मी पहिल्यांदा पैसे जमवले तेव्हा चांगल्या साध्या मशीनच्या किमतीत एक स्लायडिंग मिळत होती, तीच घेतली. दोन महिने छान चालली. मग एका घरच्या कपाटाचे शेल्फ कापत होतो, अकरा इंची सागवानाच्या फळ्या. पाचही फळ्या कापून एकावर एक ठेवल्या आणि बोट फिरवलं, तर पुढच्या कडेला सगळ्या बरोबर, मागच्या कडेला एकेक अर्धा-पाऊण सूत कमी-जास्त. गुण्या लावून कोन तपासला तर मशीन बरोबर दाखवत होती. दोष डोकं ज्यावर सरकतं त्या दांड्यांत होता. डोकं पूर्ण बाहेर ओढलं की ते डाव्या-उजव्या बाजूला हलायचं, आणि हात जसा पडेल तसा कट वाकडा जायचा. सागवान वाया गेलं, ते मी भरून दिलं. त्या दिवसापासून दुकानात स्लायडिंग बघताना मी एकच करतो. डोकं पूर्ण पुढं ओढतो, खाली दाबतो, हँडल धरून आडवा हिसका देतो. ब्लेडच्या टोकाला डोळ्याला दिसेल इतकी हालचाल झाली, तर मशीन परत खोक्यात. चांगली स्लायडिंग साध्या मशीनच्या साधारण दुप्पट पैशांत येते. तेवढे पैसे नसतील तर साधी घ्या, पण चांगली घ्या.

बेव्हल, म्हणजे डोकं बाजूला कलवून तिरपा कट मारायची सोय, आता जवळपास सगळ्याच मशीनमध्ये येते. एका बाजूला कलणारी सिंगल, दोन्ही बाजूंना कलणारी डबल. दारं-खिडक्यांच्या कामाला सिंगल पुरते, लाकूड उलटून घ्यायचं. टेबलावर 31.6 अंशाला एक खाच दिसेल, तिचा अर्थ बरेच जण विचारतात. ती खाच भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात बसवायच्या तिरप्या लाकडी मोल्डिंगसाठी आहे. आपल्याकडं ते काम पीओपीवाले करतात. तेव्हा 31.6 विसरा, पण 45 आणि 22.5 च्या खाचा घट्ट बसतात का ते हातानं फिरवून बघा. आठ बाजूंचं टेबल किंवा मंदिराचा चौथरा करायचा असेल तेव्हा 22.5 लागतो.

आता लाईन. भाऊ, तुम्ही हा प्रश्न शेवटी विचारला, पण माझ्या मते खेड्यात हा पहिला आहे. दहा इंची मशीन 1,500 ते 1,800 वॅटची असते. 230 व्होल्टवर सात-आठ अँपिअर ओढते, आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट. आमच्याकडं धानाच्या पंपांची पाळी सुरू झाली की व्होल्टेज 180 च्या खाली जातं. या मशीनच्या मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 चे 170 झाले तर ताकद जवळपास निम्मी होते. ब्लेड लाकडात अडखळतं, आपण हातानं जास्त दाबतो, मोटर आणखी करंट ओढते, आणि एक दिवस जळका वास येतो. लोक मशीनला नावं ठेवतात. माझ्या पाहण्यात जळालेल्या मोटरींपैकी बऱ्याच अशाच, कमी व्होल्टेजवर दाबून चालवलेल्या.

दुसरी चोरी वायरीत होते. साइटवर आपण काय करतो? कूलरची किंवा पंख्याची जुनी बारीक वायर जोडून वीस मीटर लांब नेतो. 0.75 चौरस मिमीची वायर वीस मीटर म्हणजे करंटला जाऊन-येऊन चाळीस मीटर प्रवास, आणि रोध साधारण एक ओहम. मशीन चालताना सात-आठ व्होल्ट वायरीतच जिरतात, सुरू होताना तर पंचवीस-तीस. आधीच 185 असलेलं व्होल्टेज सुरू होताना 160 वर येतं. तीच वायर 2.5 चौरस मिमी तांब्याची घेतली तर नुकसान दोन-अडीच व्होल्टवर थांबतं. म्हणून मशीनसोबत वीस मीटर अडीचची तीन तारांची वायर, 16 अँपिअरचा टॉप, म्हणजे प्लग, आणि सॉकेट घ्याच. वायर ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते. साइटवर साध्या पाच अँपिअरच्या प्लगमध्ये तारा खोचून मशीन चालवू नका, मी त्या प्लगचं प्लास्टिक वितळून खाली टपकताना पाहिलंय.

वर्कशॉपमध्ये व्होल्टेज रोजच पडत असेल तर मशीनला पुरेल असा, म्हणजे चार-पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा. जनरेटरवर चालवायची तर तीन-साडेतीन केव्हीएच्या खाली जाऊ नका. घरचा इन्व्हर्टर, पंखे आणि दोन दिवे चालवणारा, याला अजिबात पुरत नाही. निवड करताना सॉफ्ट स्टार्ट असलेली मशीन मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या. ती हळू उचलते, सुरुवातीचा झटका कमी बसतो, जनरेटर आणि कमजोर लाईन दोन्हींवर ती सुखानं चालते. मोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजतात, त्यांचे झाकण बाहेरून स्क्रूनं उघडतात का, आणि ते ब्रश चंद्रपुरात किंवा नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत मिळतात का, हे घेण्याआधीच विचारा. बॉश, मकिता, डिवॉल्ट यांचे सुटे भाग नागपुरात मिळतात म्हणून मी त्यांच्याकडं झुकतो. अनोळखी नावाची मशीन स्वस्त पडते, पण पन्नास-शंभर रुपयांच्या ब्रशसाठी ती महिनाभर पडून राहिली तर स्वस्ताई कुठं राहिली?

बॅटरीवर चालणाऱ्या मायटर सॉही आल्यात. पट्ट्या-मोल्डिंगच्या फिटिंगला छान, पण जाड सागवानाच्या चौकटी दिवसभर कापायला मी अजून त्या सुचवणार नाही. बॅटरीचा खर्च मशीनएवढा होतो.

ब्लेडबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण कटाची सफाई मशीनपेक्षा ब्लेडवर जास्त ठरते. मशीनसोबत येतं ते ब्लेड बहुधा 40 दात्यांचं असतं. ते लांबी तोडायला ठीक. सागवानाच्या चौकटीला 60 दाती घ्या. पट्ट्या, मोल्डिंग, सनमायका लावलेला प्लाय यांना 80 किंवा 100. दाते जास्त तर कट साफ, पण हळू. जाड लाकडात 100 दाती ब्लेड घातलं तर ते तापून लाकूड काळं करतं. दात्यांचा कलही बघा, त्याला हूक म्हणतात. टेबल सॉच्या ब्लेडचा हूक 15-20 अंश पुढं झुकलेला असतो, ते ब्लेड मायटर सॉला लावलं तर लाकूड वर खेचून घेतं. मायटर सॉला शून्याच्या आसपास, उणे पाच ते अधिक पाच एवढा हूक हवा. बऱ्याच ब्लेडवर तो आकडा छापलेला असतो. त्यावर जास्तीत जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, तोही असतो. दहा इंची मशीन साडेचार-पाच हजारांनी फिरते, ब्लेडचा आकडा त्याच्यापेक्षा मोठाच पाहिजे.

भोकाचं मापही जुळवून घ्या. काही मशीनचा आर्बर, म्हणजे ब्लेड बसतं तो दांडा, 25.4 मिमीचा, म्हणजे एक इंची, काहींचा 30 मिमीचा. 30 च्या ब्लेडला आत रिंग घालून 25.4 वर बसवता येतं, रिंग बहुधा ब्लेडसोबतच येते. पण लहान भोक लेथवर किंवा कानशीनं मोठं करायचं काम कधीच करू नका. केसभर एका बाजूला सरकलं तरी ब्लेड थरथरतं आणि कट लाटेसारखा येतो. ब्लेड बदलताना मधला बोल्ट बहुतेक मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सैल होतो. जोर लावून उलट फिरवत बसाल तर बोल्टचं डोकं झिजेल. आणि हे सगळं टॉप काढूनच, बटण बंद करून नव्हे.

आपल्या भागाचं सागवान हे देशभर नावाजलेलं. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या कामासाठी सागवान गेलं तेही बल्लारपूरहून. पण त्या सागवानाच्या अंगात सिलिका असते, अगदी बारीक वाळूसारखी. ती ब्लेडची धार खाते. बाभूळ कापायला जड वाटते, पण धार मारण्यात सागवान तिच्यापेक्षा वरचढ आहे. आता सगळी ब्लेडं कार्बाईड टोकांचीच असतात, तरी सागवानावर रोज चालणारं ब्लेड लवकर बोथट होतं. ओळखायचं कसं? कटाच्या कडेवर तपकिरी करपल्याचा डाग दिसतो, जळका वास येतो, आणि हात नकळत जास्त दाबायला लागतो. तसं झालं की आधी ब्लेड काढून बघा. कित्येकदा ते बोथट नसतंच, दात्यांच्या मागं सागवानाचं तेल आणि भुसा मिळून चिकट काळा थर जमलेला असतो. पसरट भांड्यात कोमट पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड, वीस मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून वाळवा, हलका तेलाचा हात फिरवा. माझं ब्लेड दर पंधरा दिवसांनी असं धुतलं जातं. खरंच बोथट असेल तर कार्बाईड हातकानशीनं होत नाही, त्याला डायमंडच्या चाकावर धार लावावी लागते, ती नागपुरात लावून मिळते. म्हणून दोन ब्लेडं ठेवा, एक धारेला गेलं तर दुसरं चालू.

अ‍ॅल्युमिनियम याच मशीनवर कापता येतं, पण वेगळ्या ब्लेडवर. 100-120 दात्यांचं, दाते आळीपाळीनं चपटे आणि कापलेल्या कोपऱ्यांचे, उणे हूकचं. दुकानात अ‍ॅल्युमिनियमचं ब्लेड म्हटलं की तेच देतात, तरी हूक बघून घ्या. सेक्शन क्लॅम्पनं घट्ट धरा, हातानं नाही, कारण पोकळ सेक्शन दात्यात अडकला तर फेकला जातो. कापायच्या आधी ब्लेडवर मेणाचा तुकडा टेकवा, चुरा दात्यांना चिकटत नाही. चष्मा घातल्याशिवाय तर नकोच, तो चुरा डोळ्यात गेला की दवाखानाच.

लोखंड मात्र नाही. ग्रिलवाल्याच्या चौदा इंची कटऑफ मशीनला असते तसली घासणारी चकती मायटर सॉला लावून पाइप कापणारे मी पाहिलेत. मायटर सॉचा गार्ड त्या चकतीसाठी बनलेला नाही, वेगही जुळत नाही, आणि ठिणग्या सरळ मागच्या भुशाच्या पिशवीत जातात. आत कोरडा सागवानाचा भुसा असतो. तो पेटत नाही, आतल्या आत धुमसत राहतो, आणि तुम्ही वर्कशॉपला कुलूप लावून घरी गेलेले असता. तसंच उलटंही, चौदा इंची मशीनला लाकडाचं ब्लेड नको. दोन कामं, दोन मशीन.

नवीन मशीन घरी आली की लगेच ऑर्डरचं लाकूड कापू नका. आधी गुण्यात आहे का ते बघा. कारखान्यातून बरोबर निघाली तरी ट्रकमध्ये आपटत येते. तपासायची माझी पद्धत अशी. सरळ रंधलेली पाच इंची फळी घ्या, दोन्ही कडा समांतर हव्यात. शून्यावर ठेवून मधोमध कापा. आता एक तुकडा उलटा करा, वरची बाजू खाली, आणि दोन्ही कापलेली टोकं एकमेकांना भिडवून, दोन्ही तुकडे एकाच सरळ पट्टीला टेकवून उजेडाकडं धरा. फट दिसली नाही तर मशीन गुण्यात. फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक चूकही डोळ्याला दिसते. मग मागच्या फेन्सचे, म्हणजे लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीचे, बोल्ट सैल करून तेवढं सरकवा, पुन्हा कापा, पुन्हा उलटा. पहिल्या दिवशी मला यात तास गेला होता. आता दर महिन्याला करतो, दहा मिनिटं लागतात.

अर्ध्या अंशानं काय होतं, असं वाटत असेल तर चौकोनी फ्रेमचा हिशोब करा. चार कोपरे, आठ कट. प्रत्येक कट अर्धा अंश चुकला तर तीन कोपरे दाबून बंद केल्यावर चौथ्यात चार अंश साठतात. अडीच इंची पट्टीला चौथ्या कोपऱ्यात जवळपास दोन सूत फट पडते. ती मग भुसा आणि फेविकॉलनं भरली जाते, आणि पॉलिश झाल्यावर गिऱ्हाइकाला नेमकी तीच दिसते.

पण सगळ्या फटी मशीनच्या नसतात. पावसाळ्यात, लाकूड ओलसर असताना पंचेचाळीसला जोडलेली फ्रेम आपल्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या वर गेला की आकसते, आणि कोपरा आतल्या बाजूनं उघडतो, बाहेरून भिडलेला राहतो. कडक उन्हाळ्यात केलेली पावसाळ्यात फुगून बाहेरून उघडते. फट कोणत्या बाजूला आहे ते बघितलं की मशीनचा दोष की लाकडाच्या ओलीचा, ते कळतं. ओलं लाकूड असेल तर कितीही महाग मशीन काही करू शकत नाही.

आता हाताची काळजी. हे मी उरकून टाकणार नाही. एकदा बाभळीचा वाळून थोडा वाकलेला तुकडा कापत होतो. फुगीर बाजू माझ्याकडं आणि पोकळ बाजू फेन्सकडं ठेवली होती. कट अर्ध्यावर आला आणि लाकडाचे दोन्ही भाग फेन्सच्या दिशेनं दबून ब्लेडवर आवळले. मशीन उसळली, तुकडा फिरून माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी लागला. हात ब्लेडपासून वीतभर लांब होता म्हणून निळं पडण्यावर निभावलं. वाकलेलं लाकूड असेल तर फुगीर बाजू फेन्सला भिडवायची, म्हणजे कट जिथं पडतो तिथं मागं आधार असतो. हात ब्लेडपासून सहा इंच लांब. हात एकमेकांवरून ओलांडून धरायचं नाही. आखूड तुकडा असेल तर क्लॅम्प. गोल बल्ली व्हीच्या आकाराच्या आधारात क्लॅम्प केल्याशिवाय नाही, ती लोळते. कट झाला की बटण सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मगच डोकं वर. फिरतं ब्लेड वर आणताना मागं उरलेला बारीक तुकडा गोळीसारखा उडतो. स्लायडिंगमध्ये डोकं आधी आपल्याकडं ओढायचं, मग खाली दाबायचं, मग मागं ढकलत कापायचं. आपल्याकडं ओढत कापलं तर ब्लेड लाकडावर चढून अंगावर येतं. खालचा गार्ड सुतळीनं वर बांधून ठेवायची सवय काही वर्कशॉपमध्ये दिसते, त्या वर्कशॉपमध्ये तुमच्या मुलाला शिकायला पाठवू नका. हातमोजेही नकोत, दात्यात धागा अडकला की अख्खा हात ओढला जातो.

सागवानाचा बारीक भुसा नाका-डोळ्यांना झोंबतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर फार वाईट. लाकडाच्या धुळीनं नाकाचा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पिशवी अर्धाच भुसा पकडते. एन 95 मास्क लावा, रुमाल पुरत नाही. वडिलांनाही लावायला सांगा, ते आधी ऐकणार नाहीत, तरी सांगत राहा.

स्टँड विकतचा नसला तरी चालेल. मशीनच्या टेबलाच्या उंचीला बरोबर भिडणारे दोन लाकडी आधार दोन्ही बाजूंना करा, सात फुटी चौकटीचं टोक लोंबकळायला नको. लोंबकळलं की कट शेवटी फाटतो आणि ब्लेड आवळलं जातं. उजव्या आधाराला एक ठोकळा बसवा, म्हणजे एकाच मापाचे दहा तुकडे टेप न लावता निघतात.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं: दहा इंची साधी कंपाउंड, म्हणजे बेव्हलची सोय असलेली मशीन, सॉफ्ट स्टार्ट मिळाला तर तोच, ओळखीच्या कंपनीची. तुमची पाच बाय अडीच तिच्यात बसते, मोल्डिंग पंचेचाळीसला बसतं, अ‍ॅल्युमिनियमचे बहुतेक सेक्शन बसतात, कमजोर लाईनवर ती तग धरते आणि एक माणूस उचलून नेऊ शकतो. उरलेल्या पैशांत अडीचची वायर, 60 दाती आणि 80 दाती अशी दोन चांगली ब्लेडं, अ‍ॅल्युमिनियमचं काम नक्की असेल तेव्हा त्याचं ब्लेड, आणि एक क्लॅम्प. पुढं जिन्याच्या पायऱ्या, दिवाणाच्या रुंद फळ्या यांचं काम वाढलं, वर्कशॉप पक्कं झालं, लाईन सुधारली, तर त्या वेळी चांगली दहा इंची स्लायडिंग घ्या आणि ही साइटवर ठेवा.

नागपूरला जाल तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नका. तुमच्या चौकटीच्या लाकडाचा फूटभर तुकडा, खरा पाच बाय अडीच, चारही बाजूंनी रंधलेला, आणि तुमचा रोजचा गुण्या पिशवीत न्या. मशीन टेबलावर ठेवायला सांगा, तुमचा तुकडा तिच्यात टाका आणि डोकं बंद मशीनवरच खाली आणून बघा, ब्लेड पलीकडं पूर्ण उतरतं की थोडी कड राहते. मग टॉप लावून एक कट मारायला सांगा आणि गुण्या लावा. जो दुकानदार नाही म्हणेल, त्याच्या शेजारच्या दुकानात जा.